जागेवरच्या सायकलीचा निकाल

आधी मला हे सांग, आजोबांचा दम चाळिशीतल्या माणसाचा आहे असं छापून द्यायला तुला कोणी सांगितलं होतं? सायकलवर बसवलंस ते बसवलंस, घाम काढलास तो काढलास, वर कागद कशाला दिलास? ह्या माणसाला मी जन्मात कधी तोंडीसुद्धा शाबासकी दिली नाही, कारण ती त्यांना पचत नाही हे मला ठाऊक आहे. तू तर शिक्का मारून दिलीस! तेव्हापासून ह्या घरात राहणं म्हणजे शिक्षा झालीये.

हुश्श. आता रीतसर.

बुधवार, दुपार. भांडी अजून व्हायची आहेत.

चि. टिटवीस आजीचे आशीर्वाद. ह्यापुढे लोक ‘विनंती विशेष’ लिहितात. तुझं नाक मी पुसलेलं आहे, तुला कसली विनंती? नुसतं विशेष. आम्ही उभयता सुखरूप आहोत असंही लिहायची पद्धत आहे. ती ओळ सध्या राहू दे. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. मी चौथीतून उठलेली बाई, आणि तुझा तर धंदाच अंदाजाचा.

फोन का केला नाहीस म्हणशील. फोन बाहेरच्या खोलीत, आणि फोनशेजारी खुर्चीत हे. मी ‘हॅलो’ म्हटलं की हातातून ओढून घेतात, ‘टिटवी, एकदम उत्तम!’ असं ओरडतात आणि ठेवून देतात. तिकडे तू फोन मोठ्या आवाजावर लावतेस, तुझी आई स्वयंपाकघरातून मध्ये बोलते आणि तुझा बाप बातम्या बंद करत नाही. एका माणसाशी बोलायचं तर चौघांची सभा. म्हणून कागद. कुरियरवाला म्हणाला, उद्या संध्याकाळी तुझ्या तपासणी केंद्रात तुझ्याच हातात देईल. मुद्दाम घरच्या पत्त्यावर पाठवत नाहीये.

आता त्या दिवसाचं. तू म्हणशील आजी पुन्हा उगाळतेय. उगाळणारच.

लिफ्टच्या कंपनीने ह्यांना परत बोलावलं तेव्हा मला काही वाईट वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. निवृत्त झाल्यापासून हा माणूस माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरायचा. डबे असे नाही, तसे लाव. गॅसचं बटण इतकं का पिरगाळतेस. चमचे लांबीप्रमाणे ठेव. म्हटलं, जाळीच्या दाराच्या जुन्या लिफ्ट नव्या लोकांना उघडता येत नाहीत तर जा बाबा, तिकडे जाऊन पिरगाळ. कंपनीची अट एवढीच होती की मशीनची खोली गच्चीवर असते, लिफ्ट बंद म्हणजे जिन्यानेच चढायचं, तेव्हा तेवढा दम आहे असा दाखला केंद्रातून आणा. आणि केंद्रात दम मोजायला कोण, तर आमचीच नात. बसमध्ये शेजारच्या बाईला हेच सांगत होते. ‘आमची नात माणसांचा दम मोजते.’ बाई म्हणाली, ‘मग आमच्या मालकांचा मोजायला सांगा, कामाच्या वेळी जातो कुठे ते कळेल.’ मी त्या बाईशी पुढचा सगळा रस्ता बोलले.

तुझी ती खोली. पांढऱ्या फरश्या, कुरकुरणारा पंखा आणि मधोमध ती सायकल. इतकं पायडल मारून माणूस खिडकीपर्यंतसुद्धा पोचत नाही. शेजारी ते टकटक करणारं यंत्र, त्याच्या ठेक्यात पाय फिरवायचे. छातीला ओला पट्टा. तू मोठ्या ऐटीत समजावलंस, ‘आजी, म्हाताऱ्या माणसाला पूर्ण दमवायचं नसतं. थोडं ओझं द्यायचं, नाडी एका जागी स्थिरावली की बघायची, आणि त्यावरून काढायचं की पार दमेपर्यंत चालवलं असतं तर किती झेपलं असतं.’ मी तेव्हाच म्हटलं, म्हणजे एका बाहीवरून अख्खा कोट शिवायचा. तू काय म्हणालीस? ‘शिंपी चांगला असला तर बसतो, आजी.’ आठवतंय का? मला आठवतंय.

ह्यांची नाडी काही केल्या वर जाईना. तू ओझं वाढवलंस, नाडी तिथेच. अजून वाढवलंस, तरी तिथेच. कपाळावरून घाम ओघळतोय, मान लाल झालीये आणि आकडा आपला शांत. तू डोळे मोठे केलेस आणि म्हणालीस, ‘आजोबा, कमाल आहे हं तुमची!’ बस्स, तिथे घात झाला.

मग तुला लहर आली, ‘आजी, तू पण बस, गंमत म्हणून.’ मी बसले. बसल्या बसल्या माझी नाडी पळत सुटली. ओझं ठेवायच्या आधीच. तू म्हणालीस बोलू नकोस, मी म्हटलं बोलत नाहीये, तू म्हणालीस आत्ता बोललीस. निकाल काय, तर वयाच्या मानाने कमी. अगं, बस चुकली म्हणून स्टँडवर मी कपावर कप चहा प्यायले होते. वर तुमच्या दारावरच्या बाईशी चपलांवरून वाजलं होतं, ती बाहेर काढून ठेवा म्हणत होती आणि गेल्या तर जबाबदारी घेत नव्हती. तू आदल्या दिवशी सांगितलं होतंस की चहा-कॉफी पिऊन येऊ नका. पण चहाला कोण मोजतं? तो मी पाण्यातच धरते.

पुढचं ऐक. घरी आल्यावर कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजवर चिकटवला. दूधवाल्याला दाखवला. मी बाजारातून पिशव्या घेऊन आले की दारातच म्हणणार, ‘ठेव, ठेव, तू कमी पडतेस.’ मी गादी उलटायला घेतली की, ‘अगं, वयाच्या मानाने जपावं माणसाने.’ आणि पिशवी उचलणार कोण? मीच. गादी उलटणार कोण? मीच. हे नुसते उभे राहून चाळिशीत! सकाळी शीळ घालत दाढी, बुटांना पॉलिश, हत्यारांची पेटी खांद्यावर, आणि निघाले. एवढी शीळ तर लग्न ठरलं तेव्हाही घातली नसेल. माझं डोकं फिरत होतं, पण म्हटलं जाऊ दे. घर दिवसभर मोकळं मिळत होतं.

मग मागच्या आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांकडे नेहमीची फेरी होती. ह्यांनी जाताना फ्रीजवरचा कागद सोडवून बरोबर घेतला. डॉक्टरांच्या टेबलावर असा ठेवला, जसा काही डॉक्टरांचाच निकाल लागणार होता. डॉक्टरांनी वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, ‘ही पांढरी गोळी चालू आहे हे त्यांना सांगितलंत का?’

‘त्यांनी औषधं विचारली होती,’ हे म्हणाले.

‘मग हे काय आहे?’

‘ही आमची पांढरी. हे औषध नव्हे. मला रक्तदाब होता तेव्हा ते औषध होतं. आता रक्तदाब राहिला नाही.’

‘राहिला नाही तो ह्या गोळीमुळे, आजोबा.’

‘तेच म्हणतोय मी. रोग नाही तर औषध कसलं? सकाळी दात घासतो तशी पांढरी घेतो. तुम्ही टूथपेस्टला औषध म्हणता का?’

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघितलं. खरं म्हणजे आमच्याकडे ती बाटली राहतेच ब्रशांच्या पेल्याशेजारी, आणि घरात तिला औषध म्हणायची सवय कोणालाच नाही. मलाही नाही. मी चहा मोजला नाही, त्यांनी गोळी मोजली नाही. एकाच घरात राहतो आम्ही.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. ही गोळी काळजाला लगाम घालते. माणूस कितीही दमला तरी ठोके वर जाऊ देत नाही. तुझी सायकल ठोक्यांवरून हिशोब करते. ठोके कमी म्हणजे माणूस दमला नाही, म्हणजे अजून भरपूर शिल्लक आहे, असं ती धरून चालते. लगाम खेचलेल्या घोड्याकडे बघून म्हणायचं, किती शांत जनावर आहे, ह्याला अजून दोन गाड्या जोडा! तसं झालं. जिने बंद, डॉक्टर म्हणाले. इस्पितळात वायरी लावून, डॉक्टर शेजारी उभा ठेवून तपासणी करायची, मग बघू. आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हे त्यांनी दारापर्यंत येऊन सांगितलं.

आता तुझं. तुला मी सोडणार नाहीये. परका माणूस आला असता तर तू त्याला चार बाजूंनी विचारलं असतंस, गोळ्या दाखवा म्हणाली असतीस, बरोबरच्या बाईला वेगळं बोलावून विचारलं असतंस. हे घरचे म्हणून एकदाच विचारलंस आणि हसलीस. घरच्या माणसाचं सगळं आपल्याला माहीत असतं असं वाटतं ना? काही माहीत नसतं. मला इतकी वर्षं होऊन माहीत नव्हतं, ते काल कळलं.

परतीच्या वाटेवर मला म्हणाले, ‘टिटवीला सांगायचं नाही. पोरीची पहिली नोकरी आहे. तिने दिलेला दाखला चुकला म्हणून वरचे लोक तिला फाडून खातील.’ मी गप्प बसले. माझं गप्प बसणं म्हणजे होकार, असं त्यांनी धरलं. असले अंदाज ते नेहमीच चुकवतात. मला वाटलं, निदान डॉक्टरांचं ऐकून जिने तरी सोडतील. तर दुसऱ्या दिवशी पुन्हा शीळ! मी दारात आडवी झाले. ‘अहो, डॉक्टर काय म्हणाले?’ तर म्हणे, ‘डॉक्टरने नळी लावून बघितलं. टिटवीने चालवून बघितलं. कोणाचं खरं?’

काल ते चष्मा विसरून गेले. काम जवळच होतं, बँकेच्या मागच्या गल्लीतली ती पिवळी इमारत. म्हटलं, चष्म्याशिवाय हा माणूस भलतीच वायर ओढील, म्हणून मी घेऊन गेले. त्या इमारतीचा जिना इतका घाण आहे म्हणून सांगू, कोपऱ्याकोपऱ्यात पिचकाऱ्या, कठड्यावर कोणाच्या तरी सतरंज्या वाळत घातलेल्या. बल्ब एकाही मजल्यावर नाही. राहणारे लोक चांगले शिकलेले दिसतात, पण झाडू म्हणजे काय ते...

ते राहू दे. इमारतीची तक्रार करायला हे पत्र लिहिलेलं नाही.

हे मध्येच जिन्यात बसलेले होते. पेटी मांडीवर. भिंतीला रंग द्यायच्या आधी जो पहिला पांढुरका हात देतात ना, तसा चेहरा. एक हात शर्टाच्या आत. वरून एक बाई वाकून विचारत होती, ‘काका, लिफ्ट कधी सुरू होईल हो?’ आणि हे तिला सांगत होते, ‘यंत्राचा आवाज ऐकतोय.’ बंद लिफ्टचा कसला आवाज, टिटवे? ती बाई बरं म्हणून आत गेली.

मी म्हटलं, ‘चष्मा.’

‘बस जरा,’ म्हणाले. अख्ख्या जन्मात ह्यांनी मला कधी बस म्हटलेलं नाही. मी बसले. मग श्वास घेत घेत म्हणाले, ‘पांढरी सोडलीये मी. डॉक्टरकडून आलो त्या दिवसापासून.’

‘का?’

‘तो म्हणाला ना, गोळीमुळे आकडा चुकला. मग गोळी काढून टाकली की आकडा बरोबर. पोरीचा कागद खोटा पडत नाही.’

आता बोल. मी पुष्कळ मूर्ख माणसं बघितली, सासरची धरून. पण असा हिशोब करून मूर्खपणा करणारा हा पहिलाच. तुझा कागद खरा ठरवायला हा माणूस आतून खरोखरचा चाळीस वर्षांचा व्हायला निघाला होता! ओरडायला मी तोंड उघडलं, आणि ओरडले नाही. माझ्याकडून ओरडणं चुकलं असं आजवर झालेलं नाही, त्यावरून समज काय दिसत होतं ते.

मग मी त्यांना कठड्याला धरून हळूहळू खाली आणलं. पेटी मी उचलली. गाडी करून थेट डॉक्टरांकडे. त्यांनी वायरी लावल्या, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. ही गोळी अशी एकदम सोडली की लगाम तुटल्यासारखं काळीज उधळतं, थोडक्यात वाचलात, म्हणाले. इस्पितळातली तपासणी पुढच्या आठवड्यात ठरवून दिली आणि तोवर घरात बसायला सांगितलं. आज सकाळी मी समोर उभी राहून पांढरी गिळायला लावली आणि जीभ बाहेर काढून दाखवायला लावली. दाखवली. तोंड फुगवून बसलेत.

आत्ता खुर्चीत झोपलेत. मी मधूनमधून उठून बघून येते, शर्ट वर-खाली होतोय का. झाला की परत लिहायला बसते. म्हणून ह्या पत्रात मध्येच ओळी वाकड्या झाल्यात, अक्षरावर हसू नकोस.

आणि एवढं होऊनही, जागे झाले की म्हणतील, सोमवारी बाजारातल्या त्या उंच इमारतीचं काम आहे, तिथली लिफ्ट माझ्याशिवाय कोणी उघडली नाही. काल डॉक्टरांच्याच फोनवरून मी कंपनीच्या साहेबांना फोन केला. साहेब भला माणूस आहे. म्हणाला, ‘आजी, माझ्याकडे ते चढू शकतात असा केंद्राचा दाखला आहे. केंद्राने तो मागे घेतला, की मी त्यांना खाली वर्कशॉपमध्ये टेबल-खुर्ची देतो, मोटारी उघडत बसू देत. पण नुसतं बायकोच्या सांगण्यावरून काढून टाकलं तर ते माझ्याशी भांडायला येतील.’ येतीलच. मी ओळखते.

तेव्हा तुझ्याशिवाय हे होणार नाही. डॉक्टरचं ऐकत नाहीत, माझं तर कधीच ऐकलं नाही, तुझ्या बापाला तर ते अजून पोरच समजतात. जगात त्यांचा विश्वास आहे तो तुझ्या त्या टकटक यंत्रावर. तू आधी केंद्रातल्या साहेबांना जाऊन सांग, गोळीचं विचारायचं राहिलं, दाखला परत घ्यायचा आहे. ओरडतील. ओरडू देत, त्याने माणूस मरत नाही, मी ह्या घरात इतकी वर्षं सगळ्यांवर ओरडतेय, सगळे जिवंत आहेत. पहिल्याच नोकरीत चूक झाली म्हणून तोंड लपवून बसू नकोस. पण आजोबांनी तुझी चूक आपल्या छातीत घालून सोमवारी जिना चढावा, हे मला चालणार नाही. त्यांना सुधारायचं काम मी हातात घेतलंय आणि ते अजून अर्धंसुद्धा झालेलं नाही. अर्धवट काम टाकायची मला सवय नाही.

त्यांना पत्र लिही. तुझ्या अक्षरात, केंद्राच्या छापील कागदावर नको. सरळ लिही की आकडा चुकला, माझ्याकडून चुकला, आणि तो खरा करायचा तुम्ही काही एक प्रयत्न करायचा नाही. तुमचा दम किती आहे ते मला माहीत नाही, असंही लिही. ‘माहीत नाही’ हे ह्या माणसाला आजवर कोणी सांगितलेलं नाही, म्हणून सगळा घोळ. मी तुला कळवलं हेही बेलाशक लिही, लपवाछपवी नको. ते माझ्यावर चिडले तर मला बरंच आहे, चिडायला अंगात जोर लागतो. गोडगोड लिहू नकोस, त्यांना लगेच वास येतो. आणि शनिवारच्या आत इथे पोचलं पाहिजे.

उठले वाटतं. खोकले.

हो, उठलेत. पाणी मागतायत, आणि वर म्हणतायत पेला नीट विसळ.

तुझी
आजी

ता. क. तुझ्या आईने फोन करायचा नाही, बापाने मध्ये पडायचं नाही, आणि मला तर मुळीच लिहू नकोस. माझ्या नावाने पाकीट आलं तर मी ते न फोडता परत पाठवीन. उत्तर तू द्यायचं, आणि त्यांना द्यायचं.